कपाळाएवढं पुस्तक

पुस्तकं बांधणाऱ्या माणसाला पुस्तकं वाचायची सवय नसते, आणि नसलेलीच बरी. गिरगावातल्या एका छापखान्याच्या बांधणीखात्यात मी तेहेतीस वर्षं काढली. पोथ्या, पंचांगं, कादंबऱ्या, शाळेतली अंकगणितं, सगळं माझ्या हाताखालून गेलं, पण मी बघितली ती फक्त घडी, शिवण आणि कड. दोरा सैल पडलाय का, खळ जास्त झालीय का, एखादं पान बाहेर डोकावतंय का, एवढंच माझं काम. आत काय छापलंय ते ज्याला हौस असेल त्यानं बघावं. फणसवाडीतल्या आमच्या चाळीत मला सगळे नाना म्हणतात, आणि नाना तोंडाळ आहे, चिडका आहे, असंही माझ्या माघारी म्हणतात. म्हणोत बापडे. पण कामात चूक झाली असं कुणी म्हणून दाखवावं! चूक मी एकदाच केली, तीही अशी, की जो बांधणीवाला नाही त्याच्या हातून ती झालीच नसती. ती झाली आमच्या घरातल्या पुस्तकावर.

ते पुस्तक तीन बोटं रुंद आणि दोन बोटं उंच होतं. हे माप माझं नव्हे, माझ्या बायकोचं, कौसल्येचं. अडतीस साली संक्रांतीच्या दोन दिवस आधी आम्हांला मुलगा झाला. सुईण म्हणाली, अंगानं बारीक आहे पण गळा बघा कसा खणखणीत आहे! तिसऱ्या दिवशी कौसल्येनं टोपडं शिवायला घ्यायचं म्हणून दोऱ्यानं त्याचं कपाळ मोजलं, दोऱ्याला गाठ मारली आणि दोरा उशीखाली ठेवून दिला. पाचव्या दिवशी दुपारी मुलगा गेला. कशानं गेला ते मला विचारू नका. ताप नाही, आकडी नाही. दूध पीत होता, आणि प्यायचा थांबला.

सहाव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं सगळं आयुष्य लिहून जाते. तिच्यासाठी पाटा-वरवंटा मांडायचा, शेजारी कोरा कागद आणि दौत-लेखणी ठेवायची, हे आपल्याकडे घरोघर चालतं. आमचा पाचव्याच दिवशी गेला. चाळीतल्या बायका जिन्यात कुजबुजल्या, "लिहायचं राहूनच गेलं गं बिचाऱ्याचं." त्यांनी ते वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं, पण भिंती पातळ, कौसल्येनं ऐकलं. सहाव्या दिवशी सकाळी तिनं उशीखालचा दोरा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "अहो, मला एवढं पुस्तक करून द्या."

एरवी मी साध्या मिठावरून चार वाक्यं ऐकवणारा माणूस. त्या दिवशी सरळ उठलो. छापखान्यातून आणलेल्या कातरणातले चार कागद घेतले, दोऱ्याच्या मापानं कापले, घडी घातली, तीन टाके मारले. तिनं ते रिकाम्या पाळण्यापुढे, पाट्याशेजारी ठेवलं. शेजारच्या म्हाताऱ्या अंगावर धावून आल्या, रिकाम्या पाळण्याला कुणी पूजा मांडतं होय गं! तिनं ऐकून घेतलं आणि पाटा काही हलवला नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडून बघितलं तर पानं कोरीच होती. "तिला यायला जमलं नसेल," ती म्हणाली. "तिचं काम मी करीन." बाराव्या दिवशी तिनं पुस्तक तोंडाजवळ धरून त्यात हळूच नाव सांगितलं, हेरंब. बारशाआधी गेलेल्या मुलाला नाव नसतं, म्हणून ते आम्हां दोघांतच राहिलं. आमच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर ते कधी गेलं नाही.

तेव्हापासून दर वर्षी संक्रांतीनंतरच्या तिसऱ्या दिवशी, म्हणजे त्याच्या सहाव्या दिवशी, कौसल्या चार नवे कागद घ्यायची आणि हेरंबचं ते वर्ष त्यांच्यावर काढायची. लिहायची नाही, तिचं शिक्षण बेताचं. पण हात असा, की चैत्रगौरीपुढे वीतभर जागेत चैत्रांगणातली झाडून सगळी चित्रं बसवायची आणि वर तुळशीवृंदावनाला पायऱ्या काढायची. शाईची वडी पाण्यात विरघळवून, बारीक टाकानं, श्वास रोखून ती दिवसभर काढत बसे. मग मी तो फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा जुडगा, आधीच्या फर्म्यांना शिवून टाकी. मी शिवत असताना ती सांगायची आणि मी ऐकायचो. हेरंब चालायला लागला. हेरंबनं पाटी फोडली. हेरंबला गोवर आला.

"गोवर कशाला आणतेस उगाच?" मी शिवणीवरची नजर न काढता म्हणायचो.

"सगळ्यांच्याच मुलांना येतो."

"मग एवढा कशाला? जरा कमी पुरळ काढ."

ती हसायची. तिला हसवायला मिळालं की माझा दिवस चांगला जायचा, हे मी आज कबूल करतो. एका वर्षी मी चेष्टेत म्हटलं, पोरगा फार शहाणा झालाय तुझा, एकदा नापास कर म्हणजे कळेल. तिनं खरंच त्याला गणितात नापास केलं. काय सांगू, मला इतका राग आला की आठ दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. माझा मुलगा आणि गणितात नापास! मग माझं मलाच हसू आलं, आणि हसता हसता काय झालं कोण जाणे, मोरीत जाऊन तोंड धुऊन यावं लागलं.

आता बांधणीचं थोडं सांगतो, कारण सगळं तिथंच अडलंय. फर्मे शिवताना पाठीवर दोन आडव्या फिती ठेवतात आणि प्रत्येक फर्मा त्या फितींना शिवत जातात. शिवण संपली की फितींची टोकं कापायची, शेवटच्या पानाला खळ लावून ते मागच्या पुठ्ठ्याला चिकटवायचं, पुस्तक दाबाखाली ठेवायचं, झालं. एकदा हे केलं की त्या पुस्तकात पुढं काही घालता येत नाही. हेरंबच्या पुस्तकाचं हे शेवटचं काम मी कधीच केलं नव्हतं. फितींची टोकं वीतभर लांब सोडलेली, मागचा पुठ्ठा नुसता दोऱ्यानं बांधलेला. वर्षातून एकदा पुठ्ठा सोडायचा, नवा फर्मा शिवायचा, पुठ्ठा पुन्हा बांधायचा. छापखान्यात कुणी असं अर्धवट काम ठेवलं असतं तर मी त्याला सोलून काढला असता.

पंचावन्न साली सतरावा फर्मा शिवत होतो. चित्रं मी बघत नसे, पण आपल्या हातातलं यंत्र माणसाला कुठंही ओळखू येतं. एका पानावर मला आमचं कटिंग मशीन दिसलं. बोटाच्या पेराएवढं, पण तेच. चाकाची मूठ तुटल्यापासून आम्ही तिथं सुंभ गुंडाळून चालवत होतो, तो सुंभसुद्धा काढलेला. खिडकीच्या गजाला माझी टोपी अडकवलेली होती. कौसल्या लग्नानंतर एकदाही छापखान्यात आली नव्हती आणि घरी येऊन छापखान्याच्या गप्पा मारायची मला सवय नाही.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगेल? तुम्ही मागं डबा विसरला होतात, तेव्हा तो द्यायला गेला होता ना," ती म्हणाली आणि टाक धुवायला उठली.

डबा मी विसरलो होतो हे खरं. दुपारी तो माझ्या बाकावर होता, हेही खरं. चाळीतलं कुणीतरी जाता जाता ठेवून गेलं असेल असं मी तेव्हा धरून चाललो होतो आणि विचारायचं राहून गेलं होतं. आता इतक्या महिन्यांनी कुणाला विचारणार, आणि काय म्हणून विचारणार? मी म्हटलं, "बरं." पण दुसऱ्या दिवसापासून मला दाराकडे पाठ करून बसवेना. मी माझा बाक फिरवून घेतला, उजेडाचं निमित्त सांगून.

मग छप्पन साल उजाडलं. त्या संक्रांतीला कुणी धड तिळगूळ वाटला नाही. दोन दिवसांनी संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या हाताखाली राहणार. आणि सगळं गिरगाव घराबाहेर पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी छापखाना बंद, दुकानं बंद, ट्रामचा रस्ता दगडांनी भरलेला. ठाकूरद्वारच्या बाजूनं "झालाच पाहिजे, झालाच पाहिजे" असा आवाज यायचा, मध्येच तुटायचा, आणि मग फटाफट असे आवाज यायचे. पहिल्यांदा मला वाटलं, कुणीतरी फळकुटं आपटतंय. मग कळलं.

नेमका तोच दिवस हेरंबच्या सहाव्याचा. कौसल्या सकाळपासून खिडकीशी बसून काढत होती. एरवी काढताना गुणगुणायची, त्या दिवशी तोंड मिटलेलं. अठरा वर्षांचा मुलगा काय घरात बसणार आहे, एवढंच मला एकदा म्हणाली. दुपारी बारा-एकच्या सुमारास तिनं पानं माझ्यापुढे ठेवली आणि चुलीकडे वळली. मी पुठ्ठा सोडला, फर्मा लावला, शिवण पुरी केली. खळीची वाटी शेजारी होती, दुसऱ्या एका वहीची पाठ उखडली होती तिच्यासाठी आणलेली.

तेवढ्यात दार वाजलं. गॅलरीतून कुणी दगड टाकले म्हणून पोलीस चाळीतल्या खोल्या बघत होते. दारात एक हवालदार, दोन शिपाई. हवालदार माझ्याहून लहान, घाटावरचा असावा, घामानं डबडबलेला.

"घरात कोण कोण?"

"मी आणि बायको."

"तरणं पोर कुणी?"

या प्रश्नाला एकच उत्तर होतं, मूलबाळ नाही, आणि ते मला तोंडपाठ होतं. ओळखीच्यांनी, जनगणनेवाल्यांनी, नात्यातल्यांनी विचारलं की मी ते न अडखळता देत आलो होतो. माझ्या तोंडून निघालं, "एक आहे. बाहेर गेलाय."

"नाव?"

"हेरंब."

"वय?"

"अठरा."

त्यानं ते छोट्या वहीत लिहून घेतलं. मग शिपायांना पुढं पाठवून हळू आवाजात म्हणाला, "काका, पोराला शोधून आत घ्या. गोळी काय ओळख विचारून लागत नाही." तो गेला. मी दार लावलं. चुलीपाशी कौसल्या उभी होती, हातात उलथनं तसंच. माझ्याकडे ज्या नजरेनं तिनं बघितलं तसं तिनं लग्नाच्या दिवशीसुद्धा बघितलं नव्हतं. मी घाबरून जागेवर येऊन बसलो.

घाबरला की कुणी देवाचं नाव घेतं, कुणी विडी ओढतं. मी हातातलं काम उरकतो. पंचवीस वर्षांची सवय हातांना. शिवण संपली की पुढं काय, हे त्यांना डोक्याला विचारावं लागत नाही. बाहेर पुन्हा फटाफट झालं. मी कातर घेतली, फितींची टोकं कापली. शेवटच्या पानाला खळ लावली, पुठ्ठा मिटवला, हाडाच्या पट्टीनं कड दाबली, पुस्तक दोन फळ्यांत घातलं आणि वर वरवंटा ठेवला. व्यवस्थित. एक सुरकुती नाही. आणि मग जमिनीवर पडलेले फितींचे तुकडे दिसले.

कौसल्या ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली, त्यातला एक तुकडा उचलून बोटाला गुंडाळला आणि म्हणाली, "अहो, पुरं केलंत?"

"चुकून... हात आपोआप..."

"तो बाहेर आहे हो."

"शेवटच्या पानावर काय होतं?" मी विचारलं.

"तुम्हीच शिवलंत ना?"

"शिवलं. बघितलं नाही."

"कोपऱ्यावर उभा आहे," ती म्हणाली. "झेंडा घेऊन निघाला. मी गॅलरीतून हाक मारली म्हणून थांबला आणि वर बघितलं त्यानं. तेवढंच काढलं. म्हटलं, घरी आल्यावरचं पुढच्या वर्षी काढीन. आता कुठं काढू?"

"सुटं पान चिकटवून देतो मागं."

"सुटं पान गळतं. तुम्हीच सांगता सगळ्यांना."

अगं वेडे, मुलगा अडतीस साली गेला. आपल्या दोघांच्या डोळ्यांसमोर गेला. हे वाक्य अठरा वर्षं माझ्या तोंडात तयार होतं, आणि म्हणायची वेळ कधी आली असेल तर ती हीच. मी म्हटलं, "थांब. सोडवतो मी ते पान. काही होत नाही त्याला."

पण खळीचं गणित असं, की ओली असताना पान ओढलं तर शाई फिसकटते, आणि पुरती वाळली की पान फाटतं. मधली एक वेळ असते, तेवढीच. ती ओळखायला आम्ही पुठ्ठा गालाला लावून बघतो. गार लागला तर आत ओल आहे. मी दर थोड्या वेळानं वरवंटा उचलायचो, ते एवढंसं पुस्तक गालाला लावायचो, आणि परत ठेवायचो. गार. अजून गार. त्याला इतका वेळ गालाशी मी पूर्वी कधी धरलं नव्हतं. कौसल्या दारातच बसून राहिली. मी पानाची वाट बघत होतो आणि ती जिन्याची.

तीनच्या सुमाराला शेजारची लक्ष्मी आली. तिचा नवरा महादेव परळच्या गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम. सकाळी मोर्चात गेलेला, अजून पत्ता नव्हता. रडून तिचे डोळे सुजले होते. ती कौसल्येशेजारी उंबऱ्यावर टेकली आणि म्हणाली, "वहिनी, तुमचापण आला नाही ना अजून?"

मी मान वर करून बघितलं. लक्ष्मी दहा वर्षं आमची शेजारीण. माझं बारीकसारीक खेकसणं तिला भिंतीपलीकडून ऐकू जातं, तसं हवालदाराशी झालेलं बोलणंही गेलं असणार; माझ्या मनानं लगेच हिशेब जुळवला. पण तिच्या बोलण्यात विचारपूस नव्हती, नवल नव्हतं. जसं आपण नेहमीच्या मुलाबद्दल बोलतो तसं ती बोलत होती.

"नाही ना," कौसल्या म्हणाली. "सकाळपासून पोटात काही नाही त्याच्या."

"यांच्या तरी कुठं? येतील हो दोघं. बरोबरच असतील."

दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या. अठरा वर्षांत कौसल्या कधी चाळीतल्या बायकांत अशी बसली नव्हती. हळदीकुंकवाला जायची आणि मुलांचे विषय निघाले की उठून यायची. आता लक्ष्मीला तीच धीर देत होती. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू, पण तिच्याकडे बघून बरंही वाटत होतं. तिला त्या उंबऱ्यावरून उठवायची माझी छाती झाली नाही.

ऊन कलतं झालं तेव्हा जिन्यावर पावलं वाजली आणि महादेव वर आला. भिंतीला धरून, डोळे लालभडक, सदरा चिंब. लक्ष्मीनं हंबरडाच फोडला. अश्रुधुराची नळकांडी पायाशीच फुटली, तो म्हणाला, काही दिसेना, पळता येईना.

"मग आलात कसे?" मी विचारलं.

"तुमच्या पोरानं आणलं ना, नाना." त्यानं डोळे चोळले. "काखेत हात घालून गल्लीच्या तोंडापर्यंत सोडलं मला. म्हटलं, कोण रे तू? तर म्हणाला, नानांचा. येतोय मागनं."

"कसा आहे तो?" कौसल्या उठून उभी राहिली. "लागलंबिगलं नाही ना?"

"चालत होता की चांगला. तोंड काही दिसलं नाही, वहिनी. तोंडावर रुमाल होता का माझेच डोळे गेले होते, काय की. पण चांगला होता हां. हात गार होते तेवढे."

लक्ष्मी त्याला घेऊन गेली. कौसल्येनं पदर खोचला, तांब्या भरून मोरीशी ठेवला, ताट घेतलं. मी पुस्तक गालाला लावलं. गार नव्हतं, कोमटही नव्हतं. हीच वेळ.

मी खिडकीकडे तोंड करून बसलो, कारण उजेड तेवढाच उरला होता. हाडाच्या पट्टीचं टोक कोपऱ्यातून आत सारलं आणि केसाएवढं केसाएवढं पुढं सरकवत गेलो. हजारो पुस्तकं बांधली मी. असं काम ना आधी कधी केलं ना नंतर. कपाळावरचा घाम पानावर पडू नये म्हणून मान मागं धरून, श्वास रोखून. देवाशप्पथ, एक धागा तुटला नाही. पान अख्खं सुटून आलं. "आलं गं," मी म्हणणार होतो, पण आधी पान उजेडात धरलं.

रस्त्याचा कोपरा होता. दिव्याचा खांब होता. खांद्यावर झेंड्याची काठी, सदऱ्याची वरची गुंडी तुटलेली, चपलेतून बाहेर आलेला पायाचा अंगठा, सगळं जिथल्या तिथं. चेहरा नव्हता. खळ नेमकी तिथं जाड बसली होती. वर बघणाऱ्या तोंडाच्या जागी ओलसर, पांढरा कागद उरला होता, आणि समोर पुठ्ठ्यावर एक राखी डाग.

मागं दाराची कडी वाजली.

"आलास?" कौसल्या म्हणाली. तिचा आवाज इतका साधा होता की मला हुंदका आला. "आधी पाय धू. तांब्या भरलाय."

मोरीत पाणी पडलं. थांबलं. पुन्हा पडलं. ओल्या पायांचा फरशीवर आवाज झाला, आणि तो चुलीपाशी येऊन थांबला.

"किती रे वाट बघायला लावलीस? बरं, नाही ओरडत. बस." ताट सरकल्याचा आवाज आला. "असा खाली मान घालून का उभा आहेस? मी रागावले नाही रे. हेरंब? बघू दे ना मला."

मी वळलो नाही. पाच दिवस तो माझ्या मांडीवर होता, आणि पुढं अठरा वर्षं, एकेक फर्मा करून, त्याचं तोंड माझ्या बोटांखालून गेलं होतं. आणि मी शिवण बघत बसलो होतो. नाक कुणाचं होतं, तिचं की माझं? भुवया जुळलेल्या होत्या का? मला फक्त टाके आठवत होते, दर फर्म्याला तीन, सारख्या अंतरावर. आधीची पानं उलटून बघावीत तर एक हात सुटलेलं पान धरून होता, आणि ते सोडलं असतं तर पुन्हा चिकटलं असतं.

कौसल्येचा टाक खिडकीत होता. आयुष्यात मी पेन्सिलीच्या रेघेशिवाय दुसरं काही काढलेलं नाही. टाक उचलला, दौतीत बुडवला, हात गुडघ्यावर टेकवून धरला. कागद वाळायला लागला होता. डोळ्यांपासून सुरुवात करायची असते का, ते कुणाला विचारणार?

"वर बघ ना रे, बाळा," माझ्या मागं कौसल्या म्हणत होती. "एकदा वर बघ."